मानेवाल्या मॅडम

खैरनार मॅडम नव्या पेशंटच्या मानेला पहिली दहा मिनिटं हातच लावत नसत. माणूस दारात चपला कशा काढतो, पिशवी कुठल्या खांद्यावरून उतरवतो, खुर्चीत बसतो की खुर्चीत पडतो, हे त्या टेबलामागून बघत बसत. कोणी एक्स-रेचं पाकीट पुढं केलं तर ते उपडं करून बाजूला ठेवत आणि विचारत, "काम काय करता?" उत्तर आलं की, "करून दाखवा." मग एखादे साठीचे गृहस्थ हवेत स्कूटर चालवून दाखवत, एखादी बाई रिकाम्या टेबलावर पोळ्या लाटून दाखवी. बाहेरच्या बाकावर बसून पडद्याच्या फटीतून हे बघताना आमची चांगली करमणूक व्हायची. आपला नंबर आला की मात्र नाही.

एवढी नजर असलेल्या या बाईंचा उजवा डोळा गेला, आणि तो त्यांच्या स्वतःच्या चुकीनं गेला. ती चूक माना बऱ्या करणाऱ्या माणसालाच करता आली असती, तुम्हाआम्हाला नाही. त्या ती कोणापासून लपवत नसत, म्हणून मीही लपवत नाही.

गंगापूर रोडला आमच्या इमारतीत तळमजल्यावर त्यांचं फिजिओथेरपीचं क्लिनिक होतं. पूर्वी तिथं झेरॉक्सचं दुकान होतं, त्यामुळे पहिलं वर्षभर लोक आधार कार्ड हातात घेऊन आत शिरायचे, आणि मॅडम त्यांनाही एकदा नीट बघून घ्यायच्या. त्यातले दोघंतिघं पुढं पेशंट झाले. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. पुस्तकांची प्रूफं तपासणं हा माझा उद्योग, म्हणजे दिवसभर खाली मान घालून दुसऱ्यांच्या चुका काढायच्या. दुपारी तीनच्या सुमाराला मानेच्या मुळाशी कळ सुरू व्हायची आणि डोक्याच्या मागून चढत डाव्या डोळ्यामागं येऊन बसायची. बाम चोळून झाला, डोक्याला फडकं करकचून बांधून झालं, गोळ्या झाल्या. माझ्या चिडचिडीला कंटाळून शेवटी बायकोनंच मला खाली नेऊन सोडलं.

मॅडमनी मला खाटेवर घेतलंच नाही. माझ्या मागोमाग दोन जिने चढून त्या घरी आल्या आणि "करा काम" म्हणून समोर बसल्या. कोणी बघतंय म्हटल्यावर मी ताठ बसलो. "कुलथे भाऊ, फोटो नाही काढायचा. रोज बसता तसे बसा." वीस मिनिटं त्या नुसत्या बघत होत्या. मग स्वयंपाकघरातून पाट मागवला, माझे दोन जाडजूड शब्दकोश एकावर एक रचून त्यांना तो तिरपा टेकवला आणि प्रूफं त्यावर ठेवली. कागद माझ्या तोंडासमोर आला. "आता चुका तुमच्याकडे येतील. तुम्ही त्यांच्याकडे वाकून जाऊ नका." शिवाय दर अर्ध्या तासाला उठून फाटकापर्यंत जाऊन यायची शिक्षा झाली. फाटकाशी हनुवटी सरळ मागं ओढायची, कोणी नको ते तोंडाजवळ आणलं की आपण मागं घेतो तशी, आणि दहा आकडे मोजायचे. सोसायटीचा वॉचमन महिनाभर माझ्याकडे संशयानं बघत होता. दीड महिन्यात माझी डोकेदुखी गेली. शब्दकोश तेव्हापासून पाटाखालीच आहेत. एखादा शब्द अडला तर मी मोबाईलवर बघतो.

मॅडम मूळच्या सटाण्याकडच्या. यजमान ओझरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन गावाकडे शेती बघत होते आणि आठवड्यातून दोन दिवस नाशिकला येत. मॅडम ठेंगण्या, आवाज खणखणीत, साडीवर पांढरा कोट. हात लावायच्या आधी त्या दोन्ही हात गरम पाण्याच्या पातेल्यात धरत. मग त्यांची दोन बोटं कवटीच्या खालच्या काठावर यायची आणि त्या म्हणायच्या, "इथं." विचारायच्या नाहीत, सांगायच्या. ती जागा चुकल्याचं मी कधी ऐकलं नाही. पेशंटनं फार वाद घातला तर त्या अहिराणीवर घसरत. गावाकडचे पेशंट त्यावर हसत आणि शहरातले घाबरत. दोघांचाही उपयोग व्हायचा.

क्लिनिकच्या एका भिंतीला खिळ्यांची रांग होती आणि प्रत्येक खिळ्यावर मानेचा एक पट्टा. येताना जो पट्टा घालून यायचा तो जाताना बहुतेक वेळा तिथं अडकवून जायचा. "मान मोडली आहे का तुमची? मग तिला कामावरून काढून का टाकलंत?" असं त्या विचारायच्या. रांगेतल्या पहिल्या पट्ट्याचे मालक पवार नावाचे निवृत्त कंडक्टर होते. त्यांची मान सुधारायची आणि सोमवारी पुन्हा बिघडायची. मॅडमनी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की दर रविवारी दाढी झाली की सलूनवाला त्यांची हनुवटी धरून मान दोन्ही बाजूंना कडकड मोडून देतो. "तीस वर्षं घेतोय मोडून," पवार म्हणाले. "दाढीतच धरलेलं असतं ते."

पुढच्या रविवारी मॅडम त्या सलूनमध्ये जाऊन गिऱ्हाइकांच्या बाकावर बसल्या. सलूनवाल्या रमेशला वाटलं, रस्ता चुकल्या. पवारांची दाढी झाली, रमेशनं हनुवटीला हात घातला, आणि मॅडमनी उठून त्याचं मनगट तिथल्या तिथं धरलं. "बस. या हाडांमधून मेंदूला रक्त नेणाऱ्या शिरा जातात. एक दिवस एखादं गिऱ्हाईक या खुर्चीतून उठणार नाही, आणि तुला कळणारही नाही का ते." रमेशचा चेहरा पडला. मॅडम मात्र तोवर त्याच्याकडेच बघायला लागल्या होत्या. "तुझी मान उजवीकडे कललीय. दिवसभर त्याच बाजूला वाकतोस. दुखते ना?" आठ दिवसांत रमेश आमच्या बाकावर होता. मान मोडायच्या ऐवजी तो आता मानेवर गरम टॉवेल ठेवतो, आणि गिऱ्हाईक तेवढ्यावरही खूश असतं.

पण मॅडमना खरा अभिमान होता तो हिराबाईंच्या टोळीचा. हिराबाई सुरगाण्याकडच्या, पन्नाशीच्या, द्राक्षाच्या कामाला येणाऱ्या बायकांच्या मुकादम. दर थंडीत त्यांची टोळी दिंडोरीच्या बागांमध्ये मुक्कामाला असते. घडातले जास्तीचे मणी कात्रीनं काढले तरच उरलेले नीट फुगतात, ते हे काम. घड मांडवाला वर लटकलेले, बायका खाली उभ्या, मान मागं टाकून आणि हात वर करून दिवसच्या दिवस. पहिल्यांदा हिराबाई तीन जणींना घेऊन क्लिनिकमध्ये आल्या तेव्हा "करून दाखवा" झालंच. चौघी जणी पंख्याकडे बघत हवेत कात्र्या चालवत उभ्या राहिल्या. मॅडमनी दुसऱ्या दिवशी क्लिनिक बंद ठेवलं आणि स्कूटर काढून बाग गाठली.

त्यांचा पहिला उपाय साफ फसला. सुताराकडून डझनभर बुटकी स्टुलं करून घेतली, म्हणजे घड डोळ्यांसमोर येतील. चार दिवसांनी बघायला गेल्या तर स्टुलं बांधाला रचलेली, त्यातल्या एकावर बागेचा मालक बसलेला.

"ताई, ष्टूल हलवता हलवताच दिस जातो," हिराबाई म्हणाल्या. "आमचं उक्तं काम हाय. एकर उरकला तर पैसं."

"चुकलंच माझं," मॅडम म्हणाल्या. मग स्टुलं सोडून त्यांनी एकच गोष्ट मागितली. प्रत्येक ओळ संपली की कात्री खाली, हात खाली, हनुवटी छातीला, दहा आकडे. बायका लाजल्या. शिवाय उभ्या राहिल्या की मालक ओरडणार. तोडगा हिराबाईंनी काढला. ओळ संपली की शेवटच्या वेलीपुढं सगळ्यांनी हात जोडून मान खाली घालायची, आणि दहापर्यंत मोजायचं मनात. देवधर्माला कोण अडवणार? मालक आले, त्यांनी वीस बायका वेलीपुढं नतमस्तक झालेल्या बघितल्या, आणि गपचूप चपला काढून तेही मागं उभे राहिले. त्या थंडीत टोळीतल्या डोकेदुखीच्या गोळ्या निम्म्यावर आल्या असं हिराबाई सांगत. शेजारच्या बागांमधल्या टोळ्यांनीही ते उचललं. परवा एका बागाईतदारानं मला सांगितलं की ही आमच्याकडची फार जुनी प्रथा आहे.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मॅडमचं स्वतःचं डोकं दुखायला लागलं. संध्याकाळी, उजव्या भुवईच्या वर. दिवसभर वाकून दुसऱ्यांच्या माना हाताळणाऱ्या बाईला काय झालं असेल, हे त्यांना कोणाला विचारावं लागलं नाही. त्यांनी उशी बदलली, खाटेची उंची वाढवून घेतली, फाटकाशी माझ्या शेजारी उभ्या राहून हनुवटी मागं ओढू लागल्या. थोडा आराम पडायचा, मग चार दिवसांनी पुन्हा तेच. रात्री झोप झाली की सकाळी साफ बरं, म्हणजे तर मानच, असं त्या म्हणायच्या. यजमानांनी एकदा दवाखान्यात चल म्हटलं. "मनी मान शे, माले माहीत शे," माझी मान मला कळते, एवढंच उत्तर त्यांना अहिराणीतून मिळालं.

एकदा फाटकाशी त्या मला म्हणाल्या, "रस्त्यावरच्या दिव्याभोवती रंगाचं कडं दिसतं हो हल्ली. मान ताठली की हे असं." मी म्हणालो, "चष्मा पुसा." दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसानं स्वतःची ही चूकही नोंदवून ठेवायला हवी.

थंडी संपत आली तेव्हा एका संध्याकाळी त्या पेशंटची मान धरून उभ्या असतानाच खाली बसल्या. डोळा लालभडक, उलट्या, आणि डोकं फुटेल असं दुखणं. मी आणि तो पेशंट, दोघांनी मिळून त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. काचबिंदू होता. डोळ्यातलं पाणी बाहेर पडायची वाट बंद होते, आत दाब वाढतो, आणि त्या दाबानं गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. डाव्या डोळ्याची वाटही अरुंदच होती, तिथं लेझरनं बारीक भोक पाडलं आणि तो डोळा वाचला. उजव्याचं काही करता आलं नाही. डॉक्टर तरुण होते, फार अदबीनं बोलत होते.

"मॅडम, किती दिवस त्रास होता?"

"आठ महिने."

"एवढे दिवस काय करत होतात?"

"मान सरळ करत होते," मॅडम म्हणाल्या.

दोन महिने क्लिनिक बंद राहिलं. स्कूटर विकली. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येत नाही, त्यामुळे चहा कपाच्या बाहेर जायचा, पातेल्यात हात घालताना काठ लागायचा. पायरी आहे की नाही हे त्या पायानं चाचपून बघायच्या. मला वाटलं, आता त्या बंदच करतील. पण त्यांनी पुन्हा दार उघडलं, आणि पहिल्याच दिवशी पडद्याआडून मी जे ऐकलं ते पुढं प्रत्येक नव्या पेशंटला ऐकावं लागलं. "काम काय करता" याच्याही आधी. "माझा उजवा डोळा गेलाय. मान समजून मी आठ महिने घालवले. म्हणून आधी डोळ्यांचं विचारते, मग बीपी बघते, मग मानेकडे येऊ." आवाज तोच खणखणीत, वेळापत्रक वाचून दाखवावं तसा.

लोक बिचकत. डोकेदुखी घेऊन आलेल्या बाईला तुम्ही पहिल्याच भेटीत मानेला हात न लावता डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलंत तर ती परत येतेच असं नाही. काही जण तर उघड म्हणाले की ज्यांना स्वतःचं कळलं नाही त्यांना आमचं काय कळणार. यजमान कळवळून सांगत, अगं, निदान सगळ्यांना सांगत तरी बसू नकोस. मॅडम म्हणायच्या, "मग कोणाकोणाला सांगू, ते तुम्ही ठरवून द्या." बाकावरची गर्दी निम्मी झाली. मला त्यांचा राग यायचा. एवढी वर्षं मिळवलेलं नाव बाई स्वतःच्या तोंडानं रोज खोडतेय असं वाटायचं.

पुढच्या थंडीत हिराबाई आल्या तेव्हा मी बाकावरच होतो. बाहेर पिकअप उभी, मागं आठ-नऊ बायका बसलेल्या, एका बागेतून दुसऱ्या बागेत निघालेल्या.

"ताई, मान धरली. पटकन दाबून द्या, पोरी गाडीत हायती."

मॅडमचे हात पातेल्यात होते. "कधी दुखतं?"

"सांजच्याला. हितं, भुवईच्या वर. झोपलं की थांबतंय."

मॅडमनी हात पाण्यातून काढले आणि पुसले. "संध्याकाळी दिवा लावला की दिव्याभोवती काही दिसतं?"

"रंग दिसत्यात, गोल. त्ये तर समद्यांनाच दिसत्यात की."

मॅडम पायरी चाचपत बाहेर गेल्या, पिकअपच्या फळकुटाला धरून उभ्या राहिल्या आणि बायकांना विचारलं, "दिव्याभोवती रंग कोणाकोणाला दिसतात गं?" बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणी हात वर केला नाही. हिराबाई मागून आल्या होत्या, त्यांनी एकेकीला नाव घेऊन विचारलं.

"सुमे, तुला?"

"नाय."

"जने, तुला बी नाय?"

"नाय मावशी. कसलं रंग?"

हिराबाईंनी गाडीतल्या बायकांकडे पुन्हा एकदा बघून घेतलं. मग म्हणाल्या, "ही बाग आठ दिसांत उरकती. मग जाती मी दवाखान्यात."

"मीही असंच म्हणायचे," मॅडम म्हणाल्या, आणि तिथं रस्त्यावरच, बायकांसमोर, त्यांनी आपली सगळी हकीकत सांगितली. रोज सांगायच्या त्याच शब्दांत. फक्त शेवटी म्हणाल्या, "हिराबाई, मानेला मी आज हात लावणार नाही. तुम्ही रागावून गेलात तरी चालेल, पण आधी डोळे दाखवा." हिराबाईंनी सुमीला बोलावलं, दिवसभराची टोळी तिच्या हवाली केली, कमरेची कात्री काढून तिच्या हातात दिली. मॅडम माझ्याकडे वळल्या. "कुलथे भाऊ, गाडी काढा."

हिराबाईंच्या दोन्ही डोळ्यांत दाब वाढलेला होता, दोन्हीकडची वाट बंद होत आली होती. पण नजर शाबूत होती. डॉक्टरांनी त्याच दुपारी लेझर करून दिलं आणि वेळेत आलात म्हणाले. ते मॅडमना उद्देशून नव्हतं, पण त्यांच्याकडे बघूनच बोलले.

पुढच्या उन्हाळ्यात मॅडम क्लिनिक आवरून सटाण्याला गेल्या. सामान हललं त्या दिवशी मी पुण्याला होतो, त्यामुळे नीट निरोप झाला नाही. फोन होतो अधूनमधून. पण त्या डोळ्यांपुढं येतात त्या लेझरच्या दुपारी दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या.

हिराबाई लेझर करून बाहेर आल्या होत्या. डोळ्यांत औषध, पदराचं टोक गालाला लावलेलं. मॅडमनी त्यांना शेजारी बसवलं, तळहातानं त्यांचा एक डोळा झाकला आणि दुसऱ्या हाताची बोटं पुढं धरली. "किती?"

"दोन."

दुसरा डोळा झाकला. "आता?"

"चार. धुरकट हाय, पर चार."

"धुरकट औषधानं आहे. संध्याकाळपर्यंत जाईल."

मॅडम उठायला लागल्या, तर हिराबाईंनी त्यांना दंडाला धरून खाली बसवलं आणि आपला हात त्यांच्या डाव्या डोळ्यावर ठेवला.

"अहो, उजवा गेलाय माझा."

"म्हाईत हाय. तरी बगू." हिराबाईंनी बोटं समोर धरली. "किती?"

मॅडम ताठ बसून समोर बघत राहिल्या. डोळा गेलाय हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कित्येक महिने ऐकत होतो, आणि एव्हाना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. आता त्या खरोखर बोटं शोधत होत्या. मी समोरच्या भिंतीवरचा तक्ता वाचायला लागलो.

"नाही दिसत गं," मॅडम हळू म्हणाल्या.

हिराबाईंनी हात उचलून त्यांच्या उजव्या डोळ्यावर ठेवला. "आन् आता?"

"तीन."

"नीट बगा."

"तीनच आहेत."

"बरोबर," हिराबाई म्हणाल्या, आणि हात तसाच राहू दिला. बऱ्याच वेळानं काढला तेव्हा तळवा ओला झाला होता. त्यांनी तो लुगड्याला पुसला आणि बाकाखाली वाकून स्वतःच्या चपला शोधायला लागल्या.